नंबर दिला म्हणजे काय काय दिलं

बीड जिल्ह्यातल्या धारूरला माझं मल्टीसर्व्हिसेसचं दुकान आहे. सातबारा, रेशनकार्डाची केवायसी, पीएम किसान, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, पॅनकार्ड, जे ऑनलाइन करायचं ते सगळं इथं होतं. २०२३ च्या खरिपात पीकविमा एक रुपयात झाला तेव्हा दुकानासमोर सकाळी शटर उघडायच्या आधी रांग लागायची. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली, तेव्हा रांग त्याहून मोठी होती. फॉर्म कुठलाही असो, एक रकाना सगळ्यांत सारखा असतो, तो म्हणजे मोबाईल नंबर. ओटीपी त्याच नंबरावर येतो, म्हणून तो खरा आणि चालू लागतो.

ओटीपी बघायला लोक फोन माझ्या हातात देतात. मेसेज शोधता शोधता मधे जाहिराती येतात. कर्ज, ट्रॅक्टर, रमी, गुडघेदुखीचं तेल, नीटचे क्लास. वर्षानुवर्षं इतक्या जणांचे फोन हाताळल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली. कुणाच्या फोनवर काय येतं, यात ताळमेळ आहे. ज्याच्या घरात बारावीचं लेकरू आहे त्याला क्लास दिसतात. ज्यानं खतांचे भाव बघितले त्याला फवारणीचा पंप दिसतो. लोकांनाही हे जाणवतं, आणि ते मला विचारतात, "ताई, फोन आपलं बोलणं ऐकतो का?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला तो एका सुनेमुळे. दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून ती आली. घरात मोठा फोन एकच, सिम सासऱ्यांच्या नावावर, त्यातलं गुगल खातंही त्यांचंच. पाळीचा त्रास फार वाढला म्हणून तिनं रात्री त्या फोनवर गर्भाशयाच्या गाठींबद्दल वाचलं होतं, एका दवाखान्याचं पान उघडलं होतं. दोन-तीन दिवसांत सासरे बातम्यांचे व्हिडिओ बघत असताना त्यांच्यासमोर गर्भाशयाच्या ऑपरेशनची जाहिरात आली. मग परत आली, परत आली. ती मला म्हणाली, "मी नवऱ्यालासुद्धा बोलले नव्हते. मग ह्याला कसं कळलं?"

आपल्या जिल्ह्यात हा विषय किती नाजूक आहे हे वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. अशा ठिकाणी एखादी बाई फोनमध्ये स्वतःपुरतं काही वाचते, तेव्हा तिला तेवढाच एक आडोसा असतो. तो आडोसा त्या जाहिरातीनं काढून घेतला होता.

आम्ही दोघींनी मिळून ती जाहिरात शोधली. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवलं की ही जाहिरात का दिसते आहे, असं विचारायची सोय असते. तिथं उत्तर आलं ते असं: जाहिरातदाराला महाराष्ट्रातल्या अमुक वयाच्या लोकांपर्यंत पोचायचं आहे, आणि इतर वेबसाइटवरच्या तुमच्या वावराचाही उपयोग केलेला असू शकतो. कुठली वेबसाइट, कुठलं पान, कधी, यातलं काही नाही. पण रस्ता कळण्यासारखा होता. पुष्कळ वेबसाइटच्या पानामागं जाहिरात कंपनीचा एक छोटा कोड बसवलेला असतो. पान उघडलं की तो कंपनीला खबर देतो, या फोनवरून हे पान बघितलं गेलं. ही खबर ब्राउझरमधल्या खुणेवर आणि फोनमधल्या खात्यावर चिकटते. ॲपमधल्या वावरासाठी फोनला स्वतःचा एक जाहिरातीचा आयडीही असतो. पुढं त्या फोनवर दुसरं काही उघडलं तरी ती जाहिरात मागोमाग येऊ शकते. म्हणजे बोलणं ऐकायची गरजच पडत नाही.

त्या दुपारी आम्ही ती जाहिरात लपवली, शोधाचा इतिहास पुसला, सेटिंगमध्ये गुगलच्या भागात जाऊन जाहिरातीचा आयडी काढून टाकला, आणि आवडीनुसार जाहिराती दाखवण्याचं बटण बंद केलं. जाहिराती यानं थांबत नाहीत, पण मागचा धागा बराच तुटतो. ही बटणं फोनमध्ये आधीपासून होती. ती सापडायला मात्र पाच-सहा पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि एवढं खाली जायचं असतं हेच तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मला या पायऱ्या माहीत होत्या, कारण मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूलाही, म्हणजे जाहिरात देणारी म्हणूनही, बसले आहे. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ चांगलं होतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिरांची झाडं आहेत. एका हंगामात व्यापारी भाव पाडून मागायला लागले, तेव्हा थेट पुण्याला पेट्या पाठवू असं ठरलं आणि फेसबुकवर जाहिरात द्यायचं काम माझ्याकडं आलं.

फोटो टाकला, चार ओळी लिहिल्या, आणि पुढच्या पानावर मला विचारलं गेलं, ही कुणाला दाखवायची? गाव निवडा. मी पुणे आणि पिंपरी-चिंचवड निवडलं. वय निवडा. बाई की पुरुष. भाषा. त्याच्याखाली आवडीनिवडी, आणि त्याही खाली माणसाच्या आयुष्यातले प्रसंग. नुकतंच लग्न झालेले. लग्न ठरलेले. लहान मुलांचे आईबाप. वाढदिवस जवळ आलेले. कुठल्या बनावटीचा फोन वापरणारे. आणि त्या यादीत एक पर्याय होता, आपल्या गावापासून लांब राहणारे. मला तोच हवा होता. बीड सोडून पुण्यात नोकरीला गेलेली माणसं, ज्यांना सीताफळ म्हटलं की घर आठवतं, ती मला एका टिचकीत मिळत होती. बाजूला एक आकडा हलत होता, एवढ्या लोकांपर्यंत पोचता येईल. मी वय कमी-जास्त केलं की आकडा कमी-जास्त व्हायचा.

जाहिरात चालली, पेट्या गेल्या. पण त्या पानासमोर बसून मला जे उमजलं ते मनातून जात नाही. मी धारूरसारख्या गावातली एक दुकानदार बाई, दिवसाला दोन-तीनशे रुपये घालणारी. मला त्या लोकांची नावं दिसत नव्हती हे खरं. पण त्यांच्या आयुष्यातली कुठली खूण पकडून त्यांच्यापर्यंत जायचं, हे मला निवडता येत होतं. त्यांना मात्र मी कुठली खूण लावली ते कधीच कळणार नव्हतं. जाहिरातीवर ‘प्रायोजित’ एवढाच शब्द होता. देणाऱ्याला सगळा तक्ता दिसतो आणि बघणाऱ्याला एक शब्द. माझं सगळं म्हणणं या फरकाबद्दल आहे. जाहिरात देणाऱ्याला आपल्याबद्दल जेवढं दाखवलं जातं, तेवढं तरी आपल्याला स्वतःबद्दल दिसलं पाहिजे.

पूर्वी त्या तक्त्यात याहूनही खोल जाता यायचं. आरोग्याचे विषय, धर्म, राजकीय मत यांच्याशी जोडलेले बरेच पर्याय १९ जानेवारी २०२२ पासून फेसबुकनं काढून टाकले. हे चांगलं झालं. पण त्या सुनेच्या बाबतीत कुणाला आजाराचा पर्याय निवडायची गरज नव्हती. आमचं पान बघून गेलेल्यांना परत दाखवा, एवढं सांगितलं की पुरतं.

दुसरी वाट यादीची. त्या तक्त्यात एक जागा अशीही असते की तुमच्याकडं गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी असेल तर ती इथं द्या. नंबर सांकेतिक रूपात जातात, कंपनी ते आपल्याकडच्या खात्यांशी जुळवते आणि नेमक्या त्या माणसांना जाहिरात दाखवते. शिवाय त्यांच्यासारखीच आणखी माणसं शोधून देते. ही जागा बघितल्यावर मला एक जुनी गोष्ट नीट समजली.

पीकविम्याच्या गर्दीच्या दिवसांत एक माणूस दुकानात आला होता. कर्ज आणि विम्याची कामं करतो म्हणाला. चहा घेतला, आणि म्हणाला, "ताई, नाव, गाव, नंबर आणि किती एकर, एवढं एक्सेलमध्ये द्या. नंबरामागं पैसे देतो. आम्ही कुणाला फोनसुद्धा लावणार नाही, फक्त जाहिरात दाखवणार." मी म्हटलं, लोकांनी नंबर विम्यासाठी दिलाय. तो म्हणाला, "त्यात त्यांचं काय जातंय?" मी यादी दिली नाही. पण त्याचा प्रश्न मी नंतर पुष्कळ वेळा मनात उलटून बघितला आहे, कारण त्याला उत्तर देता आलं पाहिजे. आणि ते उत्तर मला डोंगरपट्ट्यातल्या एका ऊसतोड मजुरानं दिलं.

दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. आपल्याकडं तेव्हा हातात पैसा नसतो. मुकादमाची उचल घेतलेली असते ती खर्ची पडलेली, कारखाना सुरू व्हायला अवकाश. त्याला फोनवर मराठीत जाहिरात दिसली, कागदपत्रांशिवाय पाच मिनिटांत कर्ज. त्यानं ॲप घेतलं. ॲपनं कॉन्टॅक्ट मागितले, त्यानं ‘अलाऊ’ केलं, कारण त्याशिवाय पुढचं पान येत नव्हतं. हातात पडली ती रक्कम आधीच कापून आलेली, आणि हप्ता चुकल्यावर फोन सुरू झाले. ते त्याला नाही, त्याच्या फोनमधल्या माणसांना. बहिणीच्या सासरी फोन गेला. मुकादमाला गेला. मुकादमाला कळलं की आपली उचल घेतलेला हा गडी बाहेरही कर्जात आहे, आणि पुढच्या हंगामाची उचल देताना त्यानं हात आखडता घेतला. ऊसतोडीवर जगणाऱ्या नवराबायकोच्या कोयत्याला याहून मोठा फटका कुठला? त्यांचं काय जातंय, याचं उत्तर हे आहे. माहिती गेली की पत जाते, आणि ज्याच्याकडं जमीन नाही त्याच्याकडं पत सोडून दुसरं तारण नसतं.

त्याच्यासोबत बसून मी १९३० या सायबर हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. मग मुद्दाम नियम शोधून वाचले. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ लाच सांगितलं होतं की डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉलची नोंद, फोटो, फायली यांना हात लावू नये. गुगलनंही ३१ मे २०२३ पासून आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो घ्यायला मनाई केली. जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर परवानगी असलेल्या संस्थांच्या कर्ज ॲपची यादी आहे. आता कर्जाची जाहिरात दाखवत कुणी आलं की मी आधी ती यादी उघडते. नियम होते, तरी ॲप त्या मजुराच्या फोनमध्ये आलं ते जाहिरातीच्या दारातून. म्हणून जाहिरातीवरच कळलं पाहिजे की ही कुणाची आहे.

ते होऊ शकतं, हे मी बघितलं आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्याकडं प्रत्येक फोनवर पुढाऱ्यांच्या जाहिराती होत्या. फेसबुकची जाहिरातींची एक उघडी लायब्ररी आहे, ती कुणालाही बघता येते. निवडणुकीच्या जाहिरातीखाली पैसे कुणी दिले, साधारण किती खर्च झाला, कुठल्या वयाच्या बायकांना किती आणि पुरुषांना किती दिसली, हे सगळं होतं. मग त्याच लायब्ररीत मी कर्जाच्या जाहिराती शोधल्या. जाहिरात दिसली, पानाचं नाव दिसलं, कधीपासून चालू आहे ते दिसलं. कुणाला दाखवली, ते नाही. युरोपात मात्र कायद्यानं साध्या जाहिरातींचीही वय, ठिकाण, बाई-पुरुष अशी माहिती लायब्ररीत द्यावी लागते. म्हणजे कंपनीकडं हिशेब आहे, तो दाखवायचं यंत्रही आहे. आपल्याकडं मतं मागणाऱ्याचा हिशेब मिळतो, गरजवंताला कर्ज विकणाऱ्याचा मिळत नाही.

दुकानात बसलेल्या शेतकऱ्यांना जाहिरातींचा हा व्यवहार सांगताना मला मोंढा फार उपयोगी पडतो. आपण सोयाबीन मोंढ्यात टाकतो, ढिगाभोवती खरेदीदार जमतात, बोली होते. फोनवर पान उघडलं की त्यातल्या रिकाम्या जागेसाठी अशीच बोली लागते, डोळ्याचं पातं लवायच्या आत, यंत्रांमध्ये. कुठल्या भागातला माणूस आहे, फोन कुठला, आयडी काय, आधी काय बघितलं, हे बोली लावणाऱ्यांपुढं टाकलं जातं आणि ज्याचा भाव जास्त त्याची जाहिरात दिसते. मोंढ्यात मात्र शेतकरी ढिगाशेजारी उभा असतो, बोली त्याच्या कानावर पडते, भाव पटला नाही तर माल परत नेता येतो, आणि शेवटी हातात हिशेबपट्टी येते. फोनमधल्या बोलीत ढीग आपल्याच माहितीचा असतो, आणि पट्टी मिळत नाही. एवढं सांगितलं की म्हाताऱ्या माणसालाही मुद्दा पटकन पोचतो.

आता कायदा आला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. मी तो कायदा माझ्या कामाच्या नजरेनं वाचला. संमती मोकळेपणानं दिलेली हवी, ठरावीक कारणापुरती हवी, आणि त्या कारणाला लागते तेवढ्याच माहितीची हवी. कायद्यातच एक उदाहरण आहे. डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपनं कॉन्टॅक्टची यादी मागितली आणि माणसानं हो म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरली जाईल, कारण उपचाराला कॉन्टॅक्ट लागत नाहीत. आमच्या ऊसतोड मजुराचं ‘अलाऊ’ असंच बघितलं गेलं पाहिजे. दिलेली संमती काढून घेणंही देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. आज देणं एका टिचकीचं आहे आणि काढून घेणं पाच-सहा पायऱ्या खाली.

कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या भागासाठी मला सगळ्यात मोलाची वाटते. माहिती कशाला घेताय याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी आपण निवडू त्या भाषेत मिळाली पाहिजे. त्यात मराठी आहे. आजवर माझ्या गिऱ्हाइकांनी ज्या ‘आय ॲग्री’वर बोट ठेवलं, त्यातलं एक वाक्यही त्यांना वाचता येणारं नव्हतं. जाहिरात मराठीत, धमकीचा फोन मराठीत, आणि अटी तेवढ्या इंग्रजीत, हे आता चालता कामा नये.

मुलांच्या बाबतीत मात्र मला काळजी आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेम धरून जाहिराती दाखवायला कायदा मनाई करतो. पण आपल्याकडं फोन बापाचा, सिम बापाचं, खातं बापाचं. शेजारची बारावीची पोरगी त्याच फोनवर नीटचा अभ्यास करते, पेपर सोडवते, कमी मार्कांचे व्हिडिओ बघते. कंपनीच्या लेखी तिथं पंचेचाळीस वर्षांचा पुरुष आहे. निकालाच्या दिवसांत त्या फोनवर ‘एक वर्ष रिपीट करा’ म्हणणाऱ्या क्लासच्या जाहिराती एकामागून एक येत होत्या, आणि तिची आई मला म्हणाली, "लेकरू आधीच रडतंय, त्यात हे." एका घरात एक फोन असणाऱ्या लाखो घरांमध्ये मुलांचं संरक्षण वयाच्या रकान्यावर सोडून भागणार नाही. शिक्षण आणि आजार या दोन विषयांत तरी माणसाच्या मागावर राहून जाहिरात दाखवणं सगळ्यांसाठीच बंद व्हायला हवं, वय कुठलंही असो.

माझ्या दुकानापुरतं मी काम बदललं आहे. रजिस्टरमध्ये आता नाव, काम आणि फॉर्मचा क्रमांक एवढंच लिहिते, नंबर लिहीत नाही. आधारची झेरॉक्स काम झालं की परत देते. स्कॅन केलेल्या फायली रात्री पुसते. काउंटरवर मराठीत एक कागद लावला आहे, त्यावर कुठल्या फॉर्मला कुठली माहिती लागते आणि ती कुणाकडं जाते ते लिहिलं आहे. नव्या फोनवर काही करून द्यायचं असेल तर जाहिरातीचा आयडी कुठं असतो तेही दाखवते. जास्त वेळ लागत नाही.

लोकांमध्येही फरक पडतोय. परवा एका आजींनी गॅसच्या केवायसीसाठी नंबर सांगायच्या आधी मला विचारलं, "बाई, हा नंबर कशाला लागतोय? पुढं कुणाला जाणार?" मी कागद दाखवला, वाचून दाखवला, मग त्यांनी नंबर दिला. हा प्रश्न प्रत्येक ॲपला, प्रत्येक क्लासला, प्रत्येक दवाखान्याला विचारायचा आपल्याला हक्क आहे. तो विचारला म्हणून कुणाचं काम अडलं, असं माझ्या दुकानात कधी झालेलं नाही.